व्हर्सायची मेजवानी, अर्ध्या इम्पिरियल कागदावर: नक्कल करतानाच्या नोंदी

१२ जून

रविवारच्या स्केचिंग गटात ठरलंय की डिसेंबरच्या प्रदर्शनात प्रत्येकाने एका जुन्या जलरंगाची नक्कल लावायची. अट एकच, मूळ चित्र खरोखर घडलेल्या प्रसंगाचं हवं. मी फ्रेंच चित्रकार यूजीन लामीचं घेतलं. २५ ऑगस्ट १८५५ ची रात्र, व्हर्साय राजवाड्यातलं नाट्यगृह, आणि फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने राणी व्हिक्टोरियाला दिलेली मेजवानी. चित्र ब्रिटिश राजसंग्रहात आहे.

निवडण्यामागचं खरं कारण सांगतो. चौतीस वर्षं सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होतो. खांब, सज्जे, कठडे दिसले की मला धीर येतो. मोबाइलवर पाहिलं तेव्हा वर सज्जे आणि खाली नक्षीदार गालिचा असं काहीतरी दिसलं. घरी येऊन कॉम्प्युटरवर मोठं केलं, तर तो गालिचा नव्हता, जेवायला बसलेली माणसं होती. तोवर गटात नाव देऊन झालं होतं.

१४ जून

प्रिंट काढून आणली, ₹३८०. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, फाइल लाल मारतेय. करेक्ट करून देऊ?" मलाही तसंच वाटलं. फोनवर त्या नाट्यगृहाचा आजचा फोटो शोधून दाखवला: निळं मखमल, हिरवट-गुलाबी संगमरवराच्या छटा, सोनेरी नक्षी. त्याने दोन मिनिटांत लाल उतरवून निळ्याकडे नेलं. प्रिंट झकास दिसत होती.

(ही नोंद पुढे पुन्हा वाचावी लागली.)

१७ जून

माळ्यावर चार वर्षांपूर्वीचे कॉटन पेपरचे, इम्पिरियल आकाराचे पाच ताव होते. एक काढला, मधोमध कापला, उत्साहात पेन्सिलने चौकट आखली आणि आकाशी रंगाचा एक हात मारून पाहिला. रंग पसरलाच नाही. जागोजागी टिपकागदासारखा शोषला गेला, गडद ठिपके उमटले. चार पावसाळ्यांची दमट हवा खाऊन कागदाचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, गेलंय. पाचही ताव तपासले, पाचही गेलेले. स्वयंपाकघरातल्या याद्यांना उपयोगी पडतील, असं घरून मत आलं.

दुसऱ्या कुणी हे करणार असेल तर: रेष मारण्याआधी कोपऱ्यावर साध्या पाण्याचा ब्रश फिरवा. ओल सारखी बसली तर कागद जिवंत आहे. मी ही तपासणी चित्र आखल्यावर केली, म्हणजे दोन तास फुकट.

२१ जून

पालख्या शहरात मुक्कामी आहेत. रस्ते बंद, रंगसामानाचं दुकान पेठेत. काम नाही.

२४ जून

दोन ताव आणले, एक ₹८९०. कोल्ड प्रेस घेतला, म्हणजे जरा खरखरीत. सवयीचा म्हणून घेतला, विचार करून नाही. कागद बादलीत भिजवून प्लायवर गमटेपने ताणला. सकाळी पाहतो तर कडेला तपकिरी पिवळे डाग. कच्च्या प्लायचा रंग ओल्या कागदात उतरला होता. अर्धा ताव गेला. प्लायला दोन्ही बाजूंनी पॉलिशचे दोन हात दिले आणि दोन दिवस वाळवला. या हवेत दोन दिवसांना चार लागतात.

३० जून

दुसरा अर्धा ताव ताणला. या वेळी पंख्याखाली आडवा ठेवला. उभा ठेवला की पाणी खाली उतरतं आणि खालचा गमटेप सुटतो.

एक इंची चौकटी पाडून रेखाटन सुरू. नाट्यगृहाचा पोट आलेला गोलावा म्हणजे एकात एक लंबवर्तुळं. यात मला मजा आली. दोन टाचण्या आणि दोरा लावून काढली, जशी ऑफिसात काढायचो. सज्जांच्या कडा, कठडे, वरची खांबांची रांग, सगळं सेटस्क्वेअरने.

७ जुलै

रेखाटन पूर्ण, एकूण एकवीस तास. गटातल्या सरांना दाखवायला नेलं. ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग विचारलं, "टेंडर कधी निघतंय?"

बरोबर होतं त्यांचं. पट्टीची रेष सगळीकडे सारख्याच जोराची असते आणि डोळ्याला कुठे थांबू देत नाही. लामी इमारतीच्या रेषा हाताने मारतो, थरथर राहू देतो, आणि उजेड येतो तिथे रेष चक्क सोडून देतो. खोडरबरने सगळं फिकं केलं आणि वरून हाताने पुन्हा काढलं. आणखी नऊ तास. लंबवर्तुळं टाचणीची ठेवली, तेवढी माझी हौस.

९ जुलै

शेजारची सातवीतली मुलगी चित्र बघायला येते. तिचा प्रश्न: "आजोबा, त्यांनी फोटो का नाही काढले?"

चांगला प्रश्न. कॅमेरा होता. त्याच वर्षी रॉजर फेंटन क्रायमियाच्या युद्धभूमीवर फोटो काढत होता. पण तेही दिवसाउजेडी, आणि समोरच्याने काही सेकंद दगडासारखं उभं राहायचं. रात्री मेणबत्त्यांच्या उजेडात, हात-तोंड चालू असलेल्या चारशे माणसांचा फोटो म्हणजे काचेवर नुसता धूर आला असता. म्हणून राणी अशा प्रसंगांचे जलरंग करवून घ्यायची आणि अल्बमांत ठेवायची. स्वतःही जलरंग रंगवायची, काही काळ चित्रकार एडवर्ड लिअरकडे शिकली होती. आपण लग्नाचा अल्बम उघडतो तसे ते अल्बम उघडले जात असणार.

मुलीला हेही सांगितलं की इंग्लंडच्या गादीवरचं माणूस पॅरिसात पाऊल ठेवत होतं ते १४३१ नंतर पहिल्यांदाच. वॉटर्लूला इंग्रजांनी फ्रेंचांना हरवून जेमतेम चाळीस वर्षं झाली होती आणि आता दोन्ही देश मिळून रशियाशी लढत होते. एप्रिलमध्ये सम्राट विंडसरला जाऊन आला होता, ऑगस्टमध्ये राणी परतभेटीला आली. त्या रात्री शोभेच्या दारूकामात शेवटी विंडसरचा किल्ला उजळून दाखवला. मुलीला दारूकाम आवडलं, वॉटर्लू नाही.

११ जुलै

मास्किंग फ्लुइड, म्हणजे रंग बसू नये म्हणून लावायचा आणि नंतर सोलून काढायचा द्रव, छोटी बाटली ₹४२०. झुंबरं, मेणबत्त्यांच्या ज्योती, टेबलावरच्या काचा, सगळ्या पांढऱ्या जागा झाकून टाकल्या. मग भिंती आणि सज्जांना पहिले वॉश, म्हणजे पातळ रंगाचे हात. कोबाल्ट निळा, थोडा पेन्स ग्रे, सावल्यांत हिरवट छटा. प्रिंटमध्ये आहे तसं.

१६ जुलै

तीन थर झाले. तांत्रिकदृष्ट्या स्वच्छ आहेत, डाग नाही, कडा नाहीत. घरून प्रतिक्रिया: "अहो, इतके दिवे लावलेत आणि जेवण एवढं गार का दिसतंय?"

मी म्हणालो की सोनं चढलं की ऊब येईल.

२० जुलै

मास्किंग काढलं. नऊ दिवस तसंच ठेवलं होतं. सोलताना कागदाचा वरचा पापुद्रा बरोबर आला, मोठ्या झुंबराजवळ चार ठिकाणी. बाटलीवर लिहिलंय की लवकर काढा, मीच वाचलं नाही. दमट हवेत तर दुसऱ्या दिवशीच काढायला हवं. फाटलेल्या जागी रंग दिला की काळपट चट्टा उमटतो. बोटाच्या नखाने घासून बसवायला गेलो, आणखी बिघडलं.

२२ जुलै

आजचा दिवस लिहूनच ठेवतो.

वरच्या मजल्यावरचे खांब नीट कळेनात म्हणून त्या नाट्यगृहाचा इतिहास वाचायला बसलो. वास्तुकार गाब्रिएलने बांधलं, १७७० मध्ये पुढे सोळावा लुई झालेल्या युवराजाच्या आणि मारी आंत्वानेतच्या लग्नासाठी उघडलं. राज्यक्रांतीनंतर पडून होतं. मग लुई-फिलिप राजाने व्हर्सायचं संग्रहालय केलं तेव्हा १८३७ मध्ये हे पुन्हा वापरात आलं, आणि त्या वेळी आतली जुनी संगमरवरी रंगसंगती झाकून सगळं लाल रंगवलं. आज दिसतो तो निळा-हिरवा अवतार १९५० च्या दशकातल्या जीर्णोद्धाराचा. तो पूर्ण होऊन नाट्यगृह १९५७ च्या एप्रिलमध्ये उघडलं, तेही दुसऱ्या एका इंग्लंडच्या राणीसमोर, दुसऱ्या एलिझाबेथच्या फ्रान्सभेटीत.

म्हणजे १८५५ मध्ये ते नाट्यगृह लालच होतं. फाइल लाल मारत नव्हती. लामीने जे पाहिलं ते रंगवलं होतं, आणि मी दुकानात उभं राहून त्याची चूक दुरुस्त करवून घेतली. माणूस तिथला, त्या काळातला, हातात ब्रश घेऊन प्रसंग टिपणारा. मी विश्वास ठेवला तो शंभर वर्षांनंतरच्या डागडुजीच्या फोटोवर.

सहा आठवडे. मूळ फाइल पुन्हा उघडून पाहिली. गरम लाल, सोनेरी, मधासारखा उजेड. किती दिवस ते माझ्यासमोर होतं.

२३ जुलै

निळ्यावरून लाल चढवून बघितला. जांभळा चिखल झाला. चित्र बाद. पाठीमागच्या बाजूवर आता माणसांचा सराव करणार.

नवी प्रिंट, ₹३८०, काही करेक्ट न करता. मुलाने पुन्हा विचारलं.

२६ जुलै

नवा ताव, या वेळी हॉट प्रेस, गुळगुळीत. ₹९६०. खरखरीत कागदावर राईएवढं डोकं काढलं की ब्रशचा ठिपका खळग्यांत तुटतो, हे सरावात कळलं होतं. गुळगुळीत कागदाचा तोटा म्हणजे मोठा वॉश घसरतो आणि कडा उमटतात. पण या चित्रात मोठे वॉश थोडे, बारीक कामच फार.

रेखाटन पुन्हा केलं, चौदा तासांत. हात बसला होता. पट्टी कपाटात.

१ ऑगस्ट

लाल कुठला? लाल प्रकरणात भाजल्यामुळे आता प्रत्येक ट्यूबच्या जन्मतारखा शोधत बसलो. माझा लाडका हिरवा, व्हिरिडियन, बाद: त्याचं पेटंट १८५९ चं. कॅडमियम लाल विसाव्या शतकातला. कोबाल्ट निळा चालतो, कृत्रिम अल्ट्रामरीन चालतो, मॅडर या झाडाच्या मुळांपासून काढलेले गुलाबी चालतात, हिंगुळाचा लाल चालतो. एका बाईच्या झग्याला मी जांभळट मॉव्ह लावायचं ठरवलं होतं. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किनने तो रंग प्रयोगशाळेत चुकून काढला १८५६ मध्ये, मेजवानीच्या पुढच्या वर्षी. झगा फिका गुलाबी केला.

दोन संध्याकाळी यात गेल्यावर सरांना फोन केला. ते म्हणाले, "नक्कल करायची आहे ना? खोट्या नोटा नाही छापायच्यात." हेही खरं. हिंगुळ म्हणजे पाऱ्याचा रंग, घरात नकोच. हिंगुळासारख्या दिसणाऱ्या आजच्या व्हर्मिलियन ह्यूमध्ये मॅडर मिसळून घेतला. पण व्हिरिडियन आणि मॉव्ह बाहेरच ठेवले. तेवढा सूड.

६ ऑगस्ट

भिंतींना आधी पिवळ्या ऑकरचा उबदार पातळ हात, तो खडखडीत वाळल्यावर लाल. वाळायला हेअर ड्रायर लावावा लागतो, नाहीतर दुसरा थर पहिल्याला उचलतो. दोन थरांतच खोली पेटल्यासारखी झाली. निळ्याच्या तीन थरांत जे साधलं नाही ते पहिल्या ऑकरनेच झालं. घरून: "आता भूक लागेल असं दिसतंय."

मास्किंग या वेळी नाही. झुंबरांच्या जागा नुसत्या सोडून दिल्या. जलरंगात दिव्याचा उजेड म्हणजे कोरा कागद, हे कळायला आपल्याला खरं तर फ्रान्सला जायची गरज नव्हती. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं समईवालीचं चित्र, मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, जलरंगातच आहे. मी ते समोर उभं राहून पाहिलंय आणि तरीही ₹४२० ची बाटली आणली.

१२ ऑगस्ट

गर्दी. इथे खरा वेळ गेला.

व्हिक्टोरियाने डायरीत लिहिलंय की चारशे माणसं, दहा-दहाच्या चाळीस टेबलांवर बसली होती. माझ्या रेखाटनातली टेबलं मोजायला गेलो, दोनदा मोजली, दोनदा वेगळी आली. सोडून दिलं.

पहिल्या चार टेबलांवरच्या सगळ्यांना डोळे, नाक, मिशा दिल्या. शून्य नंबरचा ब्रश, डोळ्याला भिंग. दिवसाला एक टेबल. चौथ्या दिवशी लांबून पाहिलं तर प्रत्येकजण माझ्याकडे बघत होता. शाळेचा ग्रुप फोटो.

मग मूळ फाइल पुरती मोठी करून लामी काय करतो ते बघितलं. चेहरा म्हणून तो बहुतेकांना काहीच देत नाही. डोक्याला एक ठिपका, त्याला केसांची एक गडद टोपी, खांद्यांचे दोन फटकारे, बस. बाई कोण आणि पुरुष कोण हे खांद्यांवरून कळतं: बायकांचे उघडे खांदे फिके, पुरुषांचे गडद किंवा गणवेशाचे लाल. मान कुणाकडे वळलीय हे मात्र तो नेमकं पकडतो. दोन डोकी एकमेकांकडे कलली की तिथे गप्पा आहेत हे आपल्याला कळतं, मग डोळे लागतच नाहीत.

डोळे पुसले. ओला, पिळलेला ताठ ब्रश, हलके दोन फेरे, लगेच टिश्यू. मॅडरने डाग सोडले, ते राहिले. एका टेबलावरचे चारजण आता जरा तापट दिसतात.

१७ ऑगस्ट

पद्धत बसली, म्हणून लिहून ठेवतो. एका वेळी एकच टेबल करायचं नाही. आधी सगळ्या सभागृहात फिके खांदे. ते वाळले की सगळीकडे केस. मग सगळे गडद कोट. शेवटी टेबलक्लॉथच्या सावल्या, म्हणजे पांढरं कापड आपोआप पुढे येतं. असं केलं तर चारशे माणसांची एक गर्दी होते. टेबल-टेबल केलं तर दहाजणांच्या चाळीस वेगवेगळ्या पंगती होतात आणि प्रत्येकीचा रंग निराळा.

झग्यांसाठी: पोलादी सांगाड्याचा घेर अजून आला नव्हता, आत परकरांवर परकर. त्यामुळे घेर उकडीच्या मोदकासारखा वरून चुण्या घेत खाली बसतो. हा मोदक मनात धरला तेव्हापासून झगे जमले.

वाया गेलेला वेळ: त्या रात्री राजवाड्यात प्रशियाचा मुत्सद्दी बिस्मार्कही होता, राणीशी त्याची ओळख तिथेच करून दिली गेली. ज्या आरसेमहालात त्या रात्री नाच झाला, तिथेच १८७१ मध्ये त्याने जर्मन साम्राज्य घोषित करवलं. हे वाचल्यावर भिंग घेऊन चित्रातल्या गर्दीत त्याला शोधत बसलो. एक अख्खी संध्याकाळ. ठिपक्यांत बिस्मार्क सापडत नाही.

२५ ऑगस्ट

आज त्या जेवणाला १७० वर्षं झाली. आज पूर्ण करायचा बेत होता, झालं नाही. परवा गणपती, घर आवरायचंय.

पांढऱ्याचं काम केलं. ज्योती, काचेच्या कडा, झुंबरातले लोलक, दागिने. लामीच्या काळच्या जलरंगांत असे उजेडाचे ठिपके झिंक व्हाइटचे असत. इंग्लंडात तो १८३४ पासून ‘चायनीज व्हाइट’ या नावाने विकला जातो. त्याआधीचा शिशाचा पांढरा जलरंगात पुढे काळा पडायचा. मी गाऊश, म्हणजे दाट अपारदर्शक जलरंगातला, पांढरा वापरला, ₹२६०. पहिल्या हाताला पाणी जास्त झालं, वाळल्यावर लालावर खडूसारखा गुलाबी धूर उरला. दुसऱ्या वेळी ट्यूबमधून निघतो तसाच दाट घेतला, त्यात ऑकरचा कणभर पिवळा, आणि ब्रश टेकवून उचलला, ओढला नाही. ठिपका उभा राहतो आणि दिव्याचा वाटतो. नुसता पांढरा ट्यूबलाइटचा दिसतो.

हा भाग थांबायला शिकवतो म्हणतात. मी थांबलो नाही. डाव्या बाजूच्या सज्जात इतके ठिपके झालेत की तिथे जणू लायटिंगची माळ सोडलीय.

९ सप्टेंबर

विसर्जनानंतर कापड काढून पाहिलं. पाटाच्या मागे, भिंतीला टेकवला होता तिथे, कागदाच्या एका कडेला बुरशीचे बारीक करडे ठिपके. सुदैवाने चित्राच्या चौकटीबाहेर. कोरड्या ब्रशने झाडले, दोन दिवस दिव्याजवळ ठेवलं. पावसाळ्यात पाट भिंतीला टेकवू नये, मागून हवा खेळती हवी.

डाव्या सज्जावर मॅडरचा एक अगदी पातळ हात देऊन निम्मे ठिपके मागे ढकलले. गाऊश जरा विरघळून पसरला, पण त्यामुळे धुरकट झालं आणि तेच बरं दिसलं. हे मी ठरवून केलं असं गटात सांगणार आहे.

मधल्या बॉक्समधली राजमंडळी शेवटपर्यंत ठेवली होती. व्हिक्टोरियाला चार फटकारे. चेहरा दिला नाही. सरांना वाटतं निदान तिला द्यावा. मी दोनदा ब्रश उचलला आणि ठेवला.

१४ सप्टेंबर

कापून पाटावरून उतरवलं. आधी एक लांब बाजू, मग समोरची, मग आखूड. सगळ्या बाजू एकदम सोडल्या तर कोपरा फाटतो.

हिशेब. कागद ₹२,७४० (बाद झालेले धरून, माळ्यावरचे न धरता), प्रिंट ₹७६०, मास्किंग ₹४२०, गाऊश ₹२६०, गमटेप ₹५१०, प्लाय पॉलिश ₹३४०. एकूण ₹५,०३०. फ्रेमवाल्याने काच आणि माउंट धरून ₹१,९०० सांगितलेत. वेळ: पहिल्या, निळ्या चित्राला बासष्ट तास, दुसऱ्याला अठ्ठ्याऐंशी.

मोठं झुंबर उजवीकडे किंचित कललंय. सरांना दिसलं नाही, शेजारच्या मुलीला पहिल्यांदा तेच दिसलं. निळं चित्र टाकलेलं नाही. ती म्हणाली की प्रदर्शनात दोन्ही शेजारी लावा. फ्रेमवाल्याला दुसऱ्या फ्रेमचा भाव विचारायचाय.